विकलेल्या चित्रांची वही

आपल्या घरी एखाद्या बँकेने किंवा औषधांच्या दुकानदाराने दिलेली दिनदर्शिका भिंतीवर असेलच. तिच्यावरील चित्राकडे आज एकवार निरखून पाहावे, अशी वाचकांना विनंती आहे. हिरवळीवर एक हसतमुख कुटुंब बसलेले असते, आजोबांच्या मांडीवर नातू असतो, पाठीमागून सकाळचे कोवळे ऊन आलेले असते. ही मंडळी कोण? बँकेचे खातेदार म्हणावे, तर बँकेला त्यांची नावेही ठाऊक नसतात. पुष्कळदा ती एकमेकांचीही कोणी नसतात. कोणा छायाचित्रकाराने त्यांना एका सकाळी एकत्र बसविले, कोणाचीही मागणी नसताना छायाचित्र काढले आणि ते बाजारात ठेवून दिले. पुढे बँकेला 'सुखी कुटुंब' हवे झाले, तेव्हा तिने ते तेथून उचलले. तेच आजोबा आणि तोच नातू दुसऱ्या एखाद्या गावी चहाच्या पुड्यावर किंवा विम्याच्या पत्रकावरही हसत असतील.

अशा छायाचित्रांना 'स्टॉक फोटो' म्हणतात. तयार कपड्यांचे दुकान असते, तसे हे तयार छायाचित्रांचे दुकान. मात्र सदरा एकदाच विकला जातो आणि छायाचित्र हजारदा विकता येते. कारण गिऱ्हाईक बहुधा ते विकत घेत नाही, ते वापरण्याचा केवळ परवाना घेते. मालकी छायाचित्रकाराकडेच राहते आणि विक्री करणारी एजन्सी पैशातील आपला वाटा ठेवून उरलेला त्याच्या हाती देते.

माझ्यासारख्या शाळामास्तराच्या डोक्यात हा विषय शिरला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. वीसएक वर्षांपूर्वी तो आमच्या शाळेतून बाहेर पडला. त्याच्या वडिलांचे इंदुरात फोटो काढण्याचे लहानसे दुकान होते. मुंजी, लग्ने, साखरपुडे आणि परीक्षेच्या अर्जांवर चिकटवायची छोटी छायाचित्रे यांवर त्या घराचा संसार चालला. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि दुकानाची पायरी ओस पडू लागली. मुलाने वडिलांचा धंदा सोडला नाही. तो त्याने संगणकामार्गे जगाच्या बाजारात नेला. महेश्वरचे घाट, राजवाडा, सराफ्यातील रात्रीची खाद्यगर्दी, घरातील स्वयंपाकघर अशी शेकडो छायाचित्रे त्याने दोन-तीन एजन्सींकडे ठेवली. थोडे पैसे येऊ लागले. मग एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, काय विकते आणि काय विकत नाही, याचा मला काही मेळ लागत नाही. ज्या चित्रासाठी पहाटे चार वाजता नर्मदेच्या पाण्यात उभा राहिलो, ते पडून आहे. आणि आई तांदूळ निवडत बसली होती, तिच्या हातांचे सहज म्हणून काढलेले चित्र सारखे विकले जाते आहे."

मी त्याला विचारले, "अरे, तू वही ठेवतोस का?" मास्तराला याहून दुसरे काय सुचणार!

वही ठेवण्याची ही सूचना काही माझी नवी नव्हे. छायाचित्रांच्या व्यापाराइतकीच ती जुनी आहे. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि १८७० पर्यंत येथे राहिला. हिमालयापासून दक्षिणेपर्यंतची त्याची दृश्ये क्रमांक घालून सूचिपत्रात छापली जात. ज्याला जे दृश्य हवे, त्याने क्रमांक कळवावा आणि प्रत मागवावी. त्याच्या नावाची 'बोर्न अँड शेफर्ड' ही कलकत्त्याची पेढी २०१६ साली बंद होईपर्यंत जगातील सर्वांत जुन्या छायाचित्रपेढ्यांपैकी एक होती.

आम्हां इंदूरकरांना तर याहून जवळचे उदाहरण आहे. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळील सरधना येथे झाला. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीवर आले. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो येथेच, १८७४ च्या सुमारास. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातील एजंट सर हेन्री डेली यांचे त्यांना उत्तेजन मिळाले. पुढे ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले, 'राजा' ही पदवी पावले आणि सिकंदराबाद, इंदूर व मुंबई येथे त्यांच्या चित्रशाळा चालल्या. १९०५ साली ते वारले. त्यांच्या काचेच्या पट्टिकांवर क्रमांक, स्थळाचे नाव आणि स्वतःचे नाव लिहिलेले आढळते. या पट्टिकांपैकी २,८५७ पट्टिका १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या आणि जतन केल्या. ज्याला क्रमांक आहे तेच शोधता येते, आणि जे शोधता येते तेच विकता येते, ही गोष्ट त्या पिढीला पक्की ठाऊक होती.

विसाव्या शतकात या व्यापाराला मोठे रूप दिले, ते ओटो बेटमन या गृहस्थाने. हा बर्लिनच्या एका सरकारी कलाग्रंथालयात दुर्मिळ पुस्तकांचा रक्षक होता. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राज्यात त्याची नोकरी गेली आणि १९३५ साली चित्रांनी भरलेल्या दोन पेट्या घेऊन तो अमेरिकेस पोहोचला. १९३६ मध्ये त्याने न्यूयॉर्कला आपला चित्रसंग्रह उघडला. वृत्तपत्रे, जाहिरातदार, पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक त्याच्या दारी येऊ लागले. ग्रंथपालाचा पिंड असल्यामुळे विषयवार नोंदी हे त्याचे खरे भांडवल होते. १९९५ साली बिल गेट्स यांच्या कॉर्बिस कंपनीने हा संग्रह घेतला, तेव्हा त्यात एक कोटीहून अधिक चित्रे होती. ती नासू नयेत म्हणून पुढे पेनसिल्व्हेनियातील चुनखडीच्या एका जुन्या खाणीत, थंड तळघरात नेऊन ठेवण्यात आली.

नंतर संगणक आला आणि दुकानाचे दार सर्वांना उघडले. २००० साली कॅनडातील कॅलगरी येथे ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी 'आयस्टॉकफोटो' सुरू केले, २००३ मध्ये न्यूयॉर्कला जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेली तीस हजार छायाचित्रे ठेवून 'शटरस्टॉक' उघडले. पूर्वी एका चित्राला शेकडो डॉलर मोजावे लागत, ते आता एक-दोन डॉलरांत मिळू लागले. गिऱ्हाईक वाढले, त्याहून अधिक विक्रेते वाढले. इंदूरच्या गल्लीतील माझा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराच्या पंक्तीस बसला खरा, पण ती पंगत लाखोंची आहे. अशा गर्दीत कोणते चित्र चालते, हे ज्याला कळत नाही त्याचे श्रम पाण्यात जातात. म्हणून वही.

पहिल्या वहीत त्याने दोनच रकाने केले : चित्राचा क्रमांक आणि किती वेळा विकले. त्यावरून त्याने क्रम लावला आणि पहिली दहा चित्रे काढून मला दाखविली. मी म्हटले, हा निकाल मला मान्य नाही. समजा, एक चित्र ४ वर्षांत ४८ वेळा विकले गेले आणि दुसरे ६ महिन्यांत १२ वेळा. तुझ्या यादीत पहिले वर बसेल. पण पहिले महिन्याला एकदा विकले जाते आणि दुसरे महिन्याला दोनदा. सहावीतल्या मुलाला दहावीतल्या मुलाच्या शेजारी उभे करून उंची मोजायची नसते. दुकानात ठेवल्याची तारीख हा तिसरा रकाना त्या दिवशी वहीत आला.

दुसरा धडा शाळेच्या निकालातून निघाला. एका तुकडीत साठांपैकी अठ्ठेचाळीस उत्तीर्ण झाले आणि दुसरीत वीसपैकी एकोणीस, तर कोणत्या शिक्षकाची पाठ थोपटावी? घाटांच्या चित्रांची एकूण विक्री अधिक दिसते, म्हणून विद्यार्थी पुन्हापुन्हा महेश्वरला धावत होता. समजा, घाटांची ३०० चित्रे आहेत आणि त्यांची विक्री ६०. स्वयंपाकघराची अवघी २० चित्रे आहेत आणि त्यांचीही विक्री २०. घाटाची पाच चित्रे काढावीत, तेव्हा एक विक्री पदरात पडते. स्वयंपाकघराचे प्रत्येक चित्र सरासरी एकेकदा विकले जाते. विषयाची एकूण बेरीज दिशाभूल करते. तिला त्या विषयाच्या चित्रसंख्येने भागले पाहिजे.

तिसरा रकाना पाहण्याचा. काही एजन्सी आपल्या छायाचित्रकाराला चित्र किती वेळा पाहिले गेले, तेही कळवितात. पुष्कळांनी पाहिले आणि कोणीच घेतले नाही, तर विषयाला मागणी आहे पण चित्रात उणीव आहे असे समजावे. थोड्यांनी पाहिले आणि त्यांतल्या बहुतेकांनी घेतले, तर चित्र उत्तम आहे, पण ते कोणाला सापडत नाही. हा दोष बहुधा शब्दांचा असतो. चित्राला शोधशब्द जोडावे लागतात आणि गिऱ्हाईक त्या शब्दांवरूनच आत येते. आमच्या या गृहस्थाने थालीपिठाच्या सुंदर चित्राला 'थालीपीठ' एवढाच शब्द जोडला होता. परदेशातील गिऱ्हाईकाला तो कोठून सुचणार? त्याने 'भारतीय न्याहारी', 'घरगुती पोळी', 'लोणी', 'पितळी ताट' असे शब्द घातले आणि ते चित्र जागे झाले. मराठीचा मास्तर म्हणून मला यात फार समाधान वाटले. चित्र कॅमेरा काढतो, पण ते विकतात शब्द.

चौथी गोष्ट ऋतूची. दिवाळीच्या पणत्यांची चित्रे दिवाळीत विकली जात नाहीत, त्याआधी दोन-तीन महिने विकली जातात. कारण जाहिराती आणि मुखपृष्ठे तेव्हा तयार होत असतात. दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यातच फराळाला लागतात, हे आपणां वाचकांना सांगायला नको. म्हणून एका महिन्याच्या आकड्यावरून चित्राला नापास करू नये. निदान एक वर्ष फिरू द्यावे. आणि एखाद्या चित्राची एकच विक्री झाली, तर तेवढ्यावरून त्याला गुणवत्ता यादीतही घालू नये. एका चिमणीने वसंत ठरत नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत कपटी. जे चित्र एकदा विकले गेले, ते पुष्कळ ठिकाणी पुढच्या गिऱ्हाईकाला आधी दाखविले जाते. आधी दिसते म्हणून आणखी विकले जाते, आणि आणखी विकले जाते म्हणून आणखी आधी दिसते. तेव्हा यादीच्या शिरोभागी असलेले चित्र सर्वांत चांगले असेलच असे नाही. कदाचित ते केवळ पहिल्यांदा दारात उभे राहिले असेल. वर्गात हात वर करणाऱ्या मुलालाच नेहमी विचारणाऱ्या शिक्षकाचा हा दोष आहे, आणि तो माझ्या हातूनही अनेकदा घडला आहे.

एवढ्या चाळणीतून जे उरले, त्यावरून काय दिसले? खपणारी चित्रे बहुधा साधी असतात. त्यांत एकच गोष्ट असते आणि ती क्षणात कळते. कडेला मोकळी जागा असते, जेथे गिऱ्हाईकाला आपली अक्षरे छापता येतात. चेहरा असला तर ओळखीचा वाटतो, पण कोणाचा म्हणून ठरत नाही. स्थळ असले तर कोठलेही असू शकते. महेश्वरच्या घाटाचे चित्र फक्त महेश्वरचे असते. तांदूळ निवडणारे हात मात्र कोणत्याही घराचे होऊ शकतात. म्हणजे या बाजारात जे चित्र स्वतः कमी बोलते आणि दुसऱ्याला बोलू देते, ते चालते. पहाटे नर्मदेत उभे राहून काढलेल्या चित्राला स्वतःचे काही सांगायचे होते, हाच त्याचा अपराध.

संख्या आणि पैसा यांचेही नाते सरळ नाही. आमच्या शाळेच्या संगणकखोलीत कित्येक वर्षे प्रत्येक पडद्यावर एकच हिरवी टेकडी आणि निळे आकाश दिसे. जगातल्या कोट्यवधी माणसांनी ते पाहिले आहे. चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात, रस्त्याने जाताना गाडी थांबवून ते काढले. एरवी त्या टेकडीवर द्राक्षांचे मळे असत. परंतु मुळांना लागणाऱ्या किडीमुळे वेली उपटाव्या लागल्या होत्या आणि पावसाने तेथे नुसते गवत माजले होते. चित्र एजन्सीकडे पडून होते. २००० साली मायक्रोसॉफ्टने त्याचे सर्व हक्क विकत घेतले आणि पुढल्या वर्षी विंडोज एक्सपीबरोबर ते घरोघर गेले. मूळ प्रतीचे मोल एवढे ठरले की डाकवाहक कंपन्या ती नेण्याची जोखीम घेईनात. शेवटी ओ'रिअर यांना ती विमानाने स्वतः नेऊन द्यावी लागली. विक्रीच्या वहीत याची नोंद 'एक' अशी होईल. वेलींना कीड लागली नसती, तर ती एकही झाली नसती. वहीला असे योग पकडता येत नाहीत.

याच्या उलट १९३२ सालचे ते चित्र पाहा. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर केंद्राची इमारत उभी राहत असताना अकरा कामगार शेकडो फूट उंचीवर एका पोलादी तुळईवर ओळीने बसून जेवत आहेत. इमारतीच्या प्रसिद्धीसाठी मुद्दाम काढविलेले हे छायाचित्र कॉर्बिसच्या सर्वाधिक खपलेल्या चित्रांत गणले गेले. तरीही ते कोणी काढले, हे निश्चित सांगता येत नाही आणि त्या अकरांपैकी बहुतेकांची नावे नक्की ठरलेली नाहीत. चित्र इतके विकले गेले आणि त्यातली माणसे अनाम राहिली. हे वाचले तेव्हा माझ्या मनात कोठेतरी टोचले. का, ते पुढे कळले.

सर्वाधिक विकले जाणारे चित्र म्हणजे लोकांची आवड, असे आपण सहज म्हणतो. पण ही आवड स्थिर नसते. गेटी इमेजेस या मोठ्या संस्थेच्या आकड्यांवरून न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ साली एक गोष्ट प्रसिद्ध केली होती. 'स्त्री' या शब्दाखाली २००७ साली त्यांचे सर्वाधिक विकले गेलेले चित्र अंगावर केवळ टॉवेल घेऊन पहुडलेल्या एका तरुणीचे होते. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच शब्दाखाली सर्वाधिक विकले गेलेले चित्र होते कॅनडातील बॅन्फच्या डोंगरात, खाली निळे सरोवर ठेवून, खडकाळ वाटेने एकटी चाललेल्या स्त्रीचे. लोकरीची टोपी, जाड अंगरखा. चेहरा जेमतेम दिसतो.

शब्द तोच, दुकान तेच, गिऱ्हाईकांचा वर्गही बहुधा तोच. मग दहा वर्षांत बदलले काय? काळ बदलला, हे तर खरेच. परंतु आणखी एक गोष्ट घडली. २०१४ साली त्या संस्थेने 'लीन इन' या स्त्रियांच्या संस्थेबरोबर एक निराळा संग्रह मुद्दाम उभा केला. त्यात काम करणाऱ्या, हत्यारे हाती धरणाऱ्या, मुलांना सांभाळतानाही आपला व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया होत्या. घेणाऱ्याला आता दुसरे काही उचलता येऊ लागले. जे दुकानात ठेवलेलेच नाही, ते विकले जाणार कसे? विक्रीची वही असलेल्या मालाचाच हिशोब सांगते. नसलेल्या मालाबद्दल ती मुकी असते. वर्षानुवर्षे त्या वहीकडे पाहून 'लोकांना हेच हवे' म्हणणारे स्वतःच्याच निवडीचा प्रतिध्वनी ऐकत होते.

हे मी विद्यार्थ्याला सांगितले, तेव्हा तो खूश झाला. त्याने ठरविले की चार चित्रे वहीच्या सल्ल्याने काढायची आणि पाचवे आपल्या मनाने. महेश्वरी लुगड्यांच्या मागावर बसलेल्या विणकर स्त्रिया, दुचाकी दुरुस्त करणारी मुलगी, नातीला इंग्रजीचे पाढे म्हणायला लावणारी आजी अशी चित्रे त्याने ठेवली. काही चालली, काही अजून बसून आहेत. २०२२ पासून यंत्रानेच रचलेली चित्रेही या बाजारात आली असून साधी, सर्वसाधारण चित्रे तर यंत्र क्षणात बनवून देते. अशा वेळी पाचव्या चित्राचाच काही आधार उरेल, असे मला वाटते.

येथवर हा लेख संपायला हरकत नव्हती. पण एका संध्याकाळी तो पुन्हा आला, आणि बसलाच नाही. त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. परगावच्या एका वृद्धाश्रमाचे माहितीपत्रक होते ते. एका नातेवाइकाने त्याला सहज दिलेले. वर दोन सुरकुतलेले हात, सुपात तांदूळ, कडेला मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत छापले होते, की यांना विचारणारे आता कोणी उरलेले नाही.

ते त्याच्या आईचे हात होते. आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. शेवटपर्यंत ती मुलगा, सून आणि दोन नातवंडे यांच्यात राहिली. तो तांदूळ निवडला जात होता, तो नातवाच्या वाढदिवसाच्या केशरी भातासाठी. चित्राच्या चौकटीबाहेर दोन हातांवर तो नातू पालथा पडून चित्रे रंगवीत होता.

नियमभंग कोणाचाच झाला नव्हता. हातांवरून माणूस ओळखता येत नाही, पैसे रीतसर भरलेले होते, वृद्धाश्रमाचे कामही चांगलेच होते. त्याने आईला विचारलेही होते. "काढ की," असे ती म्हणाली होती. पण ते चित्र कोठे जाईल, हे तिला ठाऊक नव्हते आणि त्यालाही नव्हते. एजन्सी किती वेळा विकले ते सांगते. कशासाठी घेतले ते बहुधा सांगत नाही. आमच्या त्या वहीत इतके रकाने झाले, हा एक कधीच नव्हता.

"सर," तो म्हणाला, "मुलांच्या शाळेची फी या एका चित्रावर निघते. आणि प्रत्येक विक्रीला मी आनंदाने आकडा लिहीत होतो."

मी काही सल्ला दिला नाही. तीस वर्षे मुलांना उत्तरे सांगितली, पण हा प्रश्न माझ्या पुस्तकातला नव्हता. जे चित्र स्वतः कमी बोलते ते चालते, हा सिद्धांत मीच मोठ्या ऐटीने मांडला होता. दुसऱ्याला बोलायला जागा ठेवली, की तो आपल्या आईच्या तोंडी काहीही घालू शकतो, एवढे मला तेव्हा सुचले नव्हते.

दोन महिन्यांनी त्याने ते चित्र दुकानातून काढून घेतले. ज्यांनी परवाना आधीच घेतला आहे, त्यांच्याकडे ते राहणारच. ते आता कोणाच्या हाती नाही. त्या वर्षी त्याची मिळकत घटली, हेही मी लपवीत नाही. पोट भरण्यासाठी धंदा करणाऱ्याने असे करावेच, असे सांगण्याचा मला अधिकार नाही.

मात्र त्यानंतर तो ज्याचे छायाचित्र काढतो, त्याच्याजवळ आधी दहा मिनिटे बसतो आणि नीट समजावून सांगतो, की हे चित्र कोणीही, कोठेही, कशासाठीही घेईल. तुम्हांला चालेल का? काही जण नको म्हणतात. ती चित्रे तो काढत नाही. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंना त्याने असेच विचारले. काकू वयाने सत्तरीच्या, जिभेने तरुण. त्या म्हणाल्या, "अरे, जाऊ देत माझे हात कुठेही. पण एक कर बाबा, तांदूळ नीट निवडलेला दिसला पाहिजे. खडा दिसला तर नाव माझं जाईल."

ते चित्र बरे चालले आहे. वहीत त्याला क्रमांक आहे, तारीख आहे, विक्रीचा आकडा आहे; आणि शेवटी एक नवा रकाना आहे, 'विचारले होते का?' त्यात फक्त 'हो' असे लिहिलेले आहे.

असो. आता पुन्हा एकदा भिंतीवरच्या त्या दिनदर्शिकेकडे पाहा. ते आजोबा आणि तो नातू अजून हसत आहेत. त्यांच्या घरी ही दिनदर्शिका पोहोचली असेल का, कोण जाणे!